कल्मेडूची बैठक

इन्स्पेक्टर नारायणस्वामींना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. माझ्या बहिणीनं वेंकटच्या डोक्यात हातोडा घातला, तेव्हा ती काय ओरडली?

माझ्या चार बरगड्या मोडल्या होत्या, डावा हात कोपरापासून पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडून ठेवला होता, आणि नाकातली नळी त्याच सकाळी काढली होती. इन्स्पेक्टर खाटेशी खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. टोपी मांडीवर ठेवून त्यांनी मला सगळं नीट समजावलं. वेंकट तीन दिवसांपूर्वी वारला होता. तो मला मारतोय असं बघून बहिणीनं हात उचलला असेल, तर केसमध्ये दम नाही. भावाला वाचवायला कुणीही मारेल, मीही मारीन, ते म्हणाले. तसं नसेल तर मनुष्यवध, आणि मॅडमची उरलेली नोकरी तुरुंगात.

"कामावरच्या बाया सांगतात, अम्मा तंबीसाठी, धाकट्या भावासाठी, ओरडल्या. पण बाया लांब होत्या आणि जेसीबीचं इंजिन चालू होतं. मॅडम ओरडल्या त्या मराठीत. जवळ तुम्हीच होता, मराठी कळणारेही तुम्हीच. काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, छातीत दुखतंय. तेही खरंच होतं. "उद्या येतो," म्हणून ते उठले आणि जाताना पंखा वाढवून गेले.

ती काय ओरडली ते मी अगदी स्पष्ट ऐकलं होतं. ती ओरडली होती, "पाय काढ!" आणि पाय माझा नव्हता, वेंकटचा होता.

हे समजायला कल्मेडूची बैठक माहीत हवी. इकडे तमिळ मुलखात, ओरगडमच्या कारखान्यांच्या मागे एक आटलेलं तळं आहे. त्याच्या काठी लाल मुरमाचा उंचवटा आहे, त्याला कल्मेडू म्हणतात. माझी बहीण शर्मिष्ठा तिथं दोन वर्षं उत्खनन करत होती. अड्यारच्या एका संशोधन संस्थेत ती नोकरीला, मी जवळच ट्रकच्या कारखान्यात. साहजिकच माझे रविवार तिनं आपलेच धरले होते. फीत धर, पट्टी धर, बादली उचल. इंजिनिअर झालो ते याचसाठी, असं मी म्हणायचो, आणि ती म्हणायची, निदान काहीतरी उपयोग झाला.

शेती नव्हती, मडकी नव्हती, पाळलेली गुरं नव्हती, त्या काळात शिकार करत आणि कंद उकरत फिरणारी माणसं कल्मेडूवर तळ टाकत. ताईला चुलींची जळकी माती सापडली, आगीत तडकलेले गोटे सापडले. आणि मग बैठक सापडली. कुणीतरी एक माणूस पाय पसरून बसला होता आणि हत्यारासाठी दगड फोडत होता. कपच्या चहूबाजूला उडाल्या. फक्त जिथं त्याचे पाय होते तिथं त्या पडल्याच नाहीत. कामापुरता दगड घेऊन तो उठून गेला. वर माती चढत गेली, आणि कपच्यांच्या पसाऱ्यात दोन पायांची रिकामी जागा तशीच राहिली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. ताईचं मात्र डोकंच फिरलं.

एकेक कपची जागच्या जागी मोजून, चित्र काढून होईपर्यंत बैठकीवर कुणी पाय ठेवायचा नाही, हा तिचा कायदा. खड्ड्याच्या कडेकडेनं फळ्या टाकल्या होत्या. या टोकाकडून त्या टोकाला जायचं तर फळीवरून, लांबचा फेरा घालून. कुणाचा अंगठा चुकून जरी टेकला तरी ती गरजायची. तमिळ तिला उत्तम येतं, पण राग मराठीतच येतो. "पाय काढ!" बायांना तेवढं मराठी पाठ झालं होतं. मलाही झालं होतं. कारखान्यातसुद्धा मी पिवळ्या पट्ट्यावर पाय पडला की दचकायचो.

वेंकट पहिल्या वर्षी खोदायला होता आणि त्याची बायको अंजलै चाळणीवर. एकदा घमेलं घेऊन वळताना त्याची टाच बैठकीवर पडली आणि तीन कपच्या मोडल्या. ताईनं त्याच्या कानाखाली जाळ काढला, बायकोच्या देखत. मी मध्ये पडलो. म्हणालो, ताई, हात आवर, तो माणूस आहे.

"त्याचा गाल संध्याकाळपर्यंत बरा होईल," ती म्हणाली, "ही जागा होणार नाही."

दोघं नवराबायको दुसऱ्या दिवसापासून आली नाहीत. वेंकट भीमसेन रावांच्या जेसीबीवर लागला. तळ्यातली माती काढून कारखान्यांच्या प्लॉटवर भराव घालायचा, हा भीमसेनचा धंदा. परवाना तळ्याच्या तळाचा, डोळा कल्मेडूच्या मुरमावर. हा गृहस्थ तंजावरकडचा मराठी. त्याच्या घराण्याला मुलूख सोडून तीनशे वर्षं झालेली. भेटला की ताईशी कौतुकानं घरचं मराठी बोलायचा, आणि ताई त्याच्याशी मुद्दाम तमिळ बोलायची. तिची खोड आहे ती.

मे महिन्यातल्या त्या रविवारी उन्हं चढायच्या आत फोटो काढायचे होते. बैठकीला लागूनच, तळ्याच्या बाजूला, खालचे थर बघायला ताईनं पुरुषभर खोल एक खड्डा घेतला होता. मोजपट्टी धरून मी त्यात उतरलो होतो. "हलू नकोस," ती वरून सांगत होती. तेवढ्यात दोन टिपर आणि एक जेसीबी बांधावरून खाली आले. जेसीबीवर वेंकट होता. टिपरमधून आठ-दहा जण उतरले, हातात लोखंडी गज. भीमसेन पांढरा शर्ट, पांढरी वेष्टी, काळा चष्मा अशा थाटात पुढे आला.

"अम्मा, नमस्कार. तुम्हीही मराठी, आम्हीही मराठी. आपलं आपण बोलून घेऊं की. हे दगड गोणींत भरा, घेऊन जा. माती मज सोडा."

"परवाना दाखवा," ताई म्हणाली.

"परवाना कोठें पळून जाऊलाय? येईल मागून."

"मग मातीही मागून न्या."

तो हसला. "दोन वर्षं येथें बसूलांत, कोणी काय म्हटलं? येवढ्या दगडांला येवढा बंदोबस्त! आमच्या घरीं पाटा-वरवंटा आहे, तोही नेऊन पुरा." आणि बोलता बोलता त्यानं दोरी ओलांडून कडेच्या फळीवरून खाली, बैठकीच्या काठावर चप्पल टेकवली. बघू तरी काय आहे, अशा बेतानं.

ताईनं त्याच्या तोंडात मारली. चष्मा उडाला, नाकातून रक्त आलं आणि पांढऱ्या शर्टावर सांडलं. मला खड्ड्यातून फक्त तिची पाठ दिसत होती, आणि माझ्या मनात आलं, आता मेलो.

मग गज चालले. पहिला ताईच्या कमरेत बसला. ती गुडघ्यांवर आली, उठली, दुसरा खांद्यावर बसला. चाळणीवरच्या बाईनं मध्ये हात घातला तर तिचं मनगट मोडलं, मी त्याचा आवाज ऐकला. चाळण्या तुडवल्या, डब्यातल्या निवडून ठेवलेल्या कपच्या उधळल्या. बायाही काही उभ्या राहून मार खाणाऱ्यातल्या नव्हत्या. एकीनं मुरमाची मूठ एकाच्या डोळ्यांत मारली आणि तो डोळे चोळत असताना मम्मट्टीच्या, म्हणजे आपल्या फावड्याच्या, दांड्यानं त्याची नडगी फोडली. आमच्याकडचा खोदणारा एक गडी त्यांच्यातल्या एकाला कान चावेपर्यंत सोडेना. शिव्या, धूळ, किंकाळ्या. ताई ओठ फाटलेला असताना एका आडदांड माणसाच्या गळ्याला लटकलेली होती आणि दर वेळी तो तिला झटकून टाकी तेव्हा ती पुन्हा जाऊन लटकत होती. मला तिचा अभिमान वाटला. राग आला आणि अभिमान वाटला.

भीमसेन नाक दाबून जेसीबीकडे ओरडला, "ओट्टु डा, वेंकट!" म्हणजे चालव रे, घाल पुढे. जेसीबी खड्ड्याच्या दिशेनं निघाला, तळ्याच्या बाजूनं. त्यांना आम्हाला नुसतं घाबरवायचं होतं, एवढं मी मान्य करतो. मारायचं नव्हतं.

मला बाहेर पडायला दोन वाटा होत्या. एक सरळ : बैठकीवर चढायचं, चार ढांगा टाकायच्या, पलीकडच्या पायऱ्या गाठायच्या. दुसरी : तळ्याच्या बाजूच्या भिंतीला लावलेली छोटी शिडी, वर फळी, मग फेरा. जेसीबी शिडीच्याच डोक्यावर येत होता. आणि मी, शहाणा इंजिनिअर, शिडीकडे वळलो. बैठकीवर पाय ठेवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होतो तेव्हा भिंत आली.

आवाज फारसा होत नाही. अंगावर कुणीतरी वजनदार माणूस येऊन बसतो तसं होतं, मग दुसरा बसतो, मग सगळं गाव बसतं. डावा हात शिडीत अडकून मोडला तेही मला नंतर कळलं. धूळ बसली तेव्हा मी गळ्यापर्यंत मातीत होतो आणि माझे डोळे बरोबर बैठकीच्या पातळीला होते. समोर कपच्या, हातभर अंतरावर. त्यांच्यापलीकडे ती दोन पायांची रिकामी जागा.

मातीत पुरलेल्या माणसाचं तोंड मोकळं असलं म्हणून तो जगत नाही. श्वास सोडला की छाती बसते, आणि बसली की माती तेवढी आत सरकते. पुढचा श्वास तेवढाच कमी. असे मी काही घेतले. प्रत्येक आधीच्याहून लहान. ओरडायचा प्रयत्न केला तर घशातून फक्त एक चिरका आवाज निघाला, आणि तेवढीही हवा परत मिळाली नाही. मग मी ओरडणं सोडलं.

मारामारी थांबली होती. भिंत पडलेली सगळ्यांनी बघितली. भीमसेनची माणसं मागे सरली, आणि बाया, गडी, ताई, सगळे माझ्याकडे धावले. कसे धावले? फळीवरून. एकामागून एक, ओळीनं. मला त्यांचे पाय दिसत होते. सरळ आले असते तर माझ्यापाशी पोचले असते. सगळे तळ्याच्या बाजूच्या फळीवरून निघाले, ती फळी जिथं मातीत गडप झाली होती तिथं थांबले, एकमेकांवर आदळले, आणि मागे वळून दुसऱ्या बाजूच्या फळीनं निघाले. मी बघत होतो. डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि मी मनात म्हणत होतो, तुडवा, आयला, तुडवा ते दगड, या इकडून!

एकच जण इकडून आला. वेंकट जेसीबीतून उडी टाकून खड्ड्याला वळसा घालून धावला. त्याची बाजू अजून ढासळत होती, तिथून उतरला असता तर उरलेली भिंत माझ्या डोक्यावर आली असती. त्यानं वाटेत पडलेली मम्मट्टी उचलली, पायऱ्यांच्या बाजूनं आत उडी मारली आणि बैठकीवरून सरळ माझ्याकडे आला. त्याच्या अनवाणी पायांखाली कपच्या कडाकड मोडल्या. एक टाचेत घुसली, रक्त निघालं, तो थांबला नाही. त्या रिकाम्या जागेत उजवा पाय रोवून तो वाकला आणि माझ्या छातीपुढची माती ओढायला लागला. पात्यानं दोनतीनदा, मग हातांनी, मग पुन्हा पात्यानं. तोंडानं सारखं बोलत होता, "इरु सार, इरु सार." थांबा साहेब, थांबा. त्याच्या तोंडाला बिडीचा वास येत होता. मम्मट्टीचं पातं माझ्या हनुवटीजवळून जात होतं आणि एकदाही मला लागलं नाही. खांदे मोकळे झाले. मग छाती.

आणि मला श्वास मिळाला. आख्खा.

तेव्हाच ताई दुसऱ्या बाजूच्या फळीवरून आली. फळीच्या टोकाशी खुंट्या ठोकायचा हातोडा पडलेला असे, तो तिच्या हातात होता. वेंकटची तिच्याकडे पाठ होती. ती ओरडली, "पाय काढ! पाय काढ तिथून!" आणि तिनं हातोडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला घातला.

नारळ फुटतो तसा आवाज झाला. वेंकट माझ्या तोंडावर पडला. त्याचं रक्त माझ्या डोळ्यांत गेलं. ताईनं त्याला शर्टाला धरून बाजूला ओढलं, तो बैठकीवर आडवा झाला, आणि ती त्याच्या पायाला धरून हिसडत पुन्हा म्हणाली, पाय काढ म्हटलं ना. मागून गडी आले. अम्मानं मारलं म्हणजे मारायचं असं समजून दोघांनी त्याला बरगड्यांत लाथा घातल्या, एकानं तोंडावर. तो अजून हात हलवत होता, माझ्या दिशेनं. मग ताईची नजर खाली आली आणि तिला मातीतून वर आलेलं माझं डोकं दिसलं. तेव्हा ती किंचाळली, "उन्मेष!" बायांनी ऐकलं ते हे. बाया खोटं बोलल्या नाहीत.

मग सगळे बैठकीवर उतरले आणि मला उपसून काढलं. त्या दगड फोडणाऱ्या माणसाच्या पायांची जागा तेवढ्यात मातीला मिळाली.

नारायणस्वामी येऊन गेले त्याच दुपारी भीमसेन मला भेटायला आला. नाकावर चिकटपट्टी, हातात शहाळी.

"तुमची ताई सुटतील," तो खुर्चीत टेकून म्हणाला. "आम्ही सांगून ठेवलं की. वेंकटच्या मनीं जुना राग होता. मागें तुमच्या ताईंनी त्याज मारलं होतं, सगळं गाव जाणतो. त्यानं आपणच जेसीबी घातली. आपणच मम्मट्टी घेऊन तुम्हांस मारायला उतरला. आम्ही थांब म्हटलं, ऐकलं नाहीं. झालं. तुम्हांस तोटा नाहीं, आम्हांस नाहीं."

"तुम्ही ओट्टु म्हणालात. मी ऐकलं."

"तुम्ही मातींत होतांत, तंबी," तो अगदी मायेनं म्हणाला. "मातींत काय ऐकूं येतं?"

त्याची शहाळी मी वॉर्डबॉयला देऊन टाकली. पण त्याचं गणित बिनचूक होतं. मेलेला माणूस मारेकरी ठरला की सगळ्या जिवंतांची सोय होत होती. भीमसेनची, ताईची, संस्थेची, माझीसुद्धा. फक्त बाहेर कॉरिडॉरमध्ये दोन दिवस एक बाई बसून होती. अंजलै. नर्स म्हणाली, तुमच्याशी बोलायचं म्हणते, पण पोलिसांनी आत सोडू नका सांगितलंय. नर्सनंच पुढचं सांगितलं. वेंकटला पुरायला गावातली माणसं आली नाहीत. ज्या अम्माकडे निम्म्या गावाच्या बाया कामाला, तिच्या भावाला जिवंत गाडून वर फावडं घातलं त्यानं, त्याच्या तिरडीला कोण खांदा देणार? दाराशी कुणीतरी शेण फेकलं होतं.

संध्याकाळी ताई आली. ओठाला टाके, चालताना कमरेत वाकत होती. डब्यात मऊ भात आणि मेतकूट आणलं होतं. मला भरवायला बसली. तीन घास मी खाल्ले.

"ताई, एक विचारू? तू त्याला मारलंस तेव्हा तुला काय दिसलं?"

तिनं चमचा डब्यात ठेवला. ती खोटं बोलू शकली असती. शर्मिष्ठा कपचीचंसुद्धा माप अंदाजानं सांगत नाही, हीच तर अडचण.

"पाय," ती म्हणाली. "बैठकीत पाय दिसला."

"आणि मी?"

"तू दिसला नाहीस."

"माझं डोकं होतं तिथं. त्याच्या पायापासून हात-दीड हातावर. लाल मातीत काळं डोकं, ताई!"

"मला दिसलं नाही, उन्मेष. त्या क्षणी मी तुझ्यासाठी धावतेय हेच मी विसरले. पाय दिसला आणि..."

मी उजव्या हातानं डबा भिंतीवर भिरकावला. बरगड्यांतून अशी कळ गेली की मी ओरडलो, आणि त्याच ओरडण्यात तिला जे तोंडाला येईल ते बोललो. तुझे दगड घाल चुलीत म्हणालो. तो तुझ्या हातची थोबाडीत खाऊन गेलेला माणूस मला वाचवायला आला आणि तू सख्खी बहीण दगड वाचवायला आलीस म्हणालो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. ताई भिंतीवरचा भात हातानं काढत होती. काढून झाल्यावर माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"सांग ना त्यांना, मी तुझ्यासाठी मारलं म्हणून. तू सांगितलंस तर संपेल सगळं." आणि मग, "मला भीती वाटते रे तुरुंगाची."

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी भीती हा शब्द ऐकला नव्हता. लहानपणी गल्लीतल्या पोरांना माझ्यासाठी तिनंच बदडलं होतं. आई गेल्यावर मला तिनं शिकवलं. मी रडलो. म्हणालो, सांगतो. तसंच सांगतो. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि त्या हाताला अजून त्या लाल मातीचा वास येत होता. रात्रभर मी मनात ते वाक्य तमिळमध्ये जुळवत राहिलो. तिला वाटलं तो मला मारतोय. तिला वाटलं तो मला मारतोय. सोपं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी नारायणस्वामी आले ते हवालदाराला घेऊन. ताई दाराशी उभी राहिली. त्यांच्या मागोमाग, नर्सला न जुमानता, अंजलै आत घुसली. हवालदारानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवला नाही, फक्त तिथंच पाय रोवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. ना रडत होती, ना हात जोडत होती.

"असू दे तिला," मी म्हणालो.

"बोला," इन्स्पेक्टर म्हणाले. "मॅडमना वाटलं, वेंकट तुम्हाला मारतोय. बरोबर?"

मी तोंड उघडलं. ते जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. त्या वाक्यात वेंकट फावडं घेऊन माझ्या उरावर उभा होता. आणि माझ्या हनुवटीजवळून जाणारं ते पातं मला आठवलं, एकदाही न लागलेलं.

"नाही," मी म्हणालो. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, अंजलैला कळेल असं म्हणालो. "वेंकट मला बाहेर काढत होता. बाकी सगळे फळीवरून फेरा घालत होते, तो एकटा सरळ आला. त्यानं माझी छाती मोकळी केली. जेसीबी भीमसेनच्या सांगण्यावरून आला, मी कानांनी ऐकलं. आणि माझ्या बहिणीनं त्याला मारलं ते त्याचा पाय दगडांवर होता म्हणून. ती ओरडली, पाय काढ."

इन्स्पेक्टरांनी मांडीवरची टोपी उचलली. "तुमच्यावर औषधांचा अंमल आहे," ते हळूच म्हणाले. "वाटलं तर उद्या..."

"औषधांचा नाही," दाराशी ताई म्हणाली. तिनं दाराची चौकट धरली होती. "बरोबर सांगतोय तो. असंच झालं."

मला तिच्याकडे बघवेना. हवालदारानं अंजलैचा दंड सोडला आणि तो ताईपाशी जाऊन उभा राहिला. ताई त्याच्याबरोबर गेली. कमरेत वाकत, भिंतीला हात लावत गेली. मी तिला आत धाडलं होतं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

अंजलै खाटेजवळ आली. मला वाटलं आभार मानेल, किंवा थुंकेल. तिनं माझ्या प्लास्टरकडे, माझ्या छातीकडे पाहिलं.

"सार, तुम्हाला दिसत होतं ना सगळं? तुमच्या ताई मागून आल्या, हातोडा उचलला. त्याची पाठ होती. तुमचं तोंड तिकडंच होतं."

"हो."

"मग तुम्ही का नाही ओरडलात?"

"श्वास नव्हता," मी म्हणालो. "माती होती छातीवर."

"त्यानं छाती मोकळी केली होती. आत्ताच म्हणालात."

ती वाट बघत उभी राहिली. नारायणस्वामीही उठता उठता थांबले होते.

श्वास होता. वेंकटनं दिलेला पहिला श्वास, आख्खा, माझ्या छातीत होता आणि हातोडा वर गेलेला मला दिसत होता. ओरडायचं तर तो सोडावा लागला असता. मी सोडला नाही.